पान ६३ वरचा प्रोग्रॅम

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य, संगणक विषयाचे अभ्यास मंडळ,
तसेच 'सी प्रोग्रॅमिंग' आणि 'डेटाबेस' या विषयांच्या प्रात्यक्षिक पुस्तिका लिहिणारे, तपासणारे आणि छापणारे सर्वजण

स.न.वि.वि.

मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते ओळखू येईल. दुसऱ्या एखाद्या मंडळाला वाचताना 'हे आपल्यालाच लिहिलंय की काय' असे वाटले, तर त्यांनीही ते ठेवून घ्यावे.

गेल्या उन्हाळी परीक्षेत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे प्रात्यक्षिकाचे चार गुण कापले गेले. चिठ्ठीत तिला स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, उलटी करण्याचा प्रोग्रॅम आला होता. तिने तो दहा मिनिटांत लिहिला, चालवला, आउटपुट बरोबर आले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पुस्तिका उघडली, पान ६३ काढले आणि विचारले, "इथे गेट्स आहे. तू एफगेट्स कुठून आणलंस? आणि व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन का?" ती म्हणाली, "मॅडमनी असंच शिकवलंय." चार गुण गेले. मी परीक्षकांशी बोलले. माणूस भला. म्हणाले, "मॅडम, तुमचं मला पटतंय. पण उद्या कुणी आक्षेप घेतला तर मी काय दाखवणार, पुस्तिका की तुमचं म्हणणं?"

जुलैत पुस्तिकेची 'सुधारित' आवृत्ती आली. मुखपृष्ठ नवे, कागद जरा बरा. पान ६३ वरचा तो प्रोग्रॅम आता पान ५८ वर आहे. त्याच्यात झालेली सुधारणा तेवढीच. याआधीची माझी तीन पत्रे बंद लिफाफ्यातून गेली, म्हणून हे चौथे उघड लिहिते आहे.

तालुक्याच्या गावी १७ वर्षे मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. आमच्याकडची बहुतेक मुले मराठी माध्यमातून दहावी होऊन येतात. घरी संगणक नसतो. मोबाइल असतो, पण मोबाइलवर दिसलेल्या गोष्टीपेक्षा छापील पुस्तकावर त्यांचा विश्वास जास्त, आणि तो असावा असेच मलाही वाटते. पुस्तिकेतला प्रत्येक प्रोग्रॅम ती हाताने जर्नलमध्ये उतरवतात. एक चूक साठ जर्नलमध्ये जाते आणि त्या साठही पानांवर तळाशी माझी सही असते. लेखक-संपादक मंडळींची नावे पुस्तिकेच्या आतल्या पानावर एकदाच येतात. माझे नाव त्या चुकीखाली दरवर्षी साठ वेळा येते.

आता चुकांविषयी. माझ्या यादीत ३४ आहेत. सगळ्या इथे मांडत नाही.

गेट्सपासूनच सुरुवात करते, कारण गुण त्याच्यावरून गेले. हे फंक्शन कीबोर्डवरून आलेली ओळ वाचून ठरावीक मापाच्या जागेत, म्हणजे अ‍ॅरेत ठेवते. अ‍ॅरे केवढा आहे हे त्याला कुणी सांगत नाही आणि ते विचारतही नाही. वीस अक्षरांची जागा असली आणि वापरणाऱ्याने पन्नास अक्षरे मारली, तर उरलेली तीस शेजारच्या स्मृतीत जाऊन बसतात, तिथे आधी काय होते याची पर्वा न करता. एफगेट्सला मात्र जागेचे माप सांगावे लागते. हा पुस्तकी धोका नव्हे. २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा प्रोग्रॅम, तेव्हाच्या इंटरनेटवर पसरला आणि हजारो यंत्रे अडली. त्याने आत शिरायला वापरलेल्या वाटांपैकी एक होती फिंगर ही, दुसऱ्या यंत्रावरच्या वापरकर्त्यांची माहिती देणारी सेवा. तिच्यात ५१२ बाइटची जागा होती आणि वाचायला गेट्स होते. वर्मने ५३६ बाइट पाठवले. जास्तीच्या २४ बाइटांनी काम केले. पुढे सी भाषेच्या प्रमाणकाने, म्हणजे अधिकृत नियमावलीने, २०११ साली गेट्स भाषेतून काढूनच टाकले. आज माझ्यासमोर पहिल्या वर्षाला बसलेली मुले तेव्हा जेमतेम बोलू लागली होती. आमच्या लॅबमध्ये आता लिनक्स आहे. त्यावर गेट्स वापरले तर कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारे साधन, स्वतःच बजावतो की हे फंक्शन धोकादायक आहे, वापरू नका. मुले मला विचारतात, "मॅडम, कंपायलर नको म्हणतोय आणि पुस्तिका हो म्हणतेय. कुणाचं ऐकायचं?" मी कंपायलरचे नाव घेते. मग परीक्षेत चार गुण जातात.

व्हॉइड मेनबद्दल फार लिहीत नाही. मेन हे प्रोग्रॅमचे मुख्य फंक्शन; व्हॉइड म्हणजे ते काहीच परत करत नाही, इंट म्हणजे पूर्णांक परत करते. १९८९ च्या पहिल्या प्रमाणकापासून आपण शिकवतो त्या यंत्रांवर मेन इंट परत करते. पुस्तिकेत एकूण ५२ प्रोग्रॅम आहेत आणि ५२ ठिकाणी व्हॉइड आहे. निदान सातत्य आहे.

यातले बरेचसे टर्बो सीमधून आलेले आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. १९९० च्या आसपासचा डॉसवर चालणारा तो कंपायलर. त्या काळात त्याने खूप जणांना सी शिकवली, मलाही शिकवली, आणि निळ्या पडद्याबद्दल माझ्या मनात अजून माया आहे. पण ६४ बिटांचे विंडोज तो थेट चालवतच नाही. त्याच्यासाठी आधी डॉसबॉक्स टाकून आत जुने यंत्र असल्याचे सोंग उभे करावे लागते. म्हणजे कॉनिओ डॉट एच ही डॉसच्या काळातली हेडर फाइल आणि पडदा पुसणारे क्लिअर स्क्रीन यांच्यासाठी आपण मुलांना तीस-पस्तीस वर्षे मागे नेतो आणि प्रात्यक्षिक संपले की परत आणतो. डेटाबेसच्या शेजारी सी प्लस प्लसची जी छोटी पुस्तिका आहे, तिच्यात अजून आयओस्ट्रीम डॉट एच हे हेडर फाइलचे जुने नाव आहे. १९९८ साली त्या भाषेचे प्रमाणक आले तेव्हाच त्यातला 'डॉट एच' गेला.

पण मला सर्वात जास्त बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम पाहा. खाली 'नमुना आउटपुट' म्हणून चौकट आहे. तिच्यात ५ चे फॅक्टोरियल १२०, ७ चे ५०४० आणि ८ चे उणे २५२१६ असे छापले आहे. उणे! आठ मुलांना एका बाकावर बसवण्याच्या रीती उणे पंचवीस हजार दोनशे सोळा कशा असतील? बरोबर उत्तर ४०३२० आहे. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा असतो, त्यात ३२७६७ च्या पुढचे मावत नाही, म्हणून ४०३२० मधून ६५५३६ वजा होऊन हा आकडा उमटला. कुणीतरी प्रोग्रॅम चालवला, पडद्यावर आले ते इमानाने उतरवून घेतले, आणि उत्तर ऋण कसे याचा विचार न करता छापायला दिले. वाईट याचे वाटते की हीच चूक वर्गात दाखवली असती तर तो वर्षातला सर्वात चांगला तास झाला असता. आजच्या यंत्रावर ३२ बिटांचा इंट १२ च्या फॅक्टोरियलपर्यंत टिकतो आणि १३ ला कोसळतो. मी दरवर्षी मुलांना तो कोसळताना दाखवते. जर्नलमध्ये मात्र उणे २५२१६ उतरवून घ्यावे लागते, कारण सबमिशनला तेच 'बरोबर' असते.

आता फाइल वाचण्याचा प्रोग्रॅम घ्या. त्यात व्हाइलच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओळीच्या, कंसात 'एफईओएफ होत नाही तोवर' अशी अट आहे. वाचायला छान वाटते, आणि पास्कल भाषेत ती चाललीही असती, कारण पास्कलमधले ईओएफ पुढे डोकावून सांगते की आता काही उरलेले नाही. सीमधले एफईओएफ पुढचे बघत नाही. वाचायचा प्रयत्न एकदा फसला की मगच ते 'संपले' म्हणते. त्यामुळे पुस्तिकेत आहे तसा प्रोग्रॅम चालवला तर शेवटच्या विद्यार्थ्याचे नाव दोनदा छापले जाते. माझ्या वर्गात दरवर्षी ते दोनदाच येते. पुस्तिकेतल्या नमुना आउटपुटमध्ये मात्र एकदाच आहे. याचा अर्थ हा प्रोग्रॅम कुणी चालवलाच नाही, आउटपुट हाताने टाइप केले. म्हणजे एक प्रोग्रॅम चालवला पण उत्तराकडे पाहिले नाही, आणि दुसरा नुसता लिहिला, चालवला नाही.

प्रश्नपेढीतले 'आय बरोबर ५ असताना प्रिंटएफमध्ये आय, आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय एकाच ओळीत छापल्यास आउटपुट काय' हे प्रश्न कृपा करून काढून टाका. आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय दोन्ही आयमध्ये एक मिळवतात, पण यांतले काय आधी आणि काय नंतर मोजायचे हे भाषा ठरवूनच देत नाही. आमच्याच लॅबमध्ये दोन कंपायलरांनी दोन उत्तरे दिली आहेत. आदर्श उत्तरपत्रिकेत मात्र एकच उत्तर असते, दोन गुणांचे.

छपाईच्या चुका वेगळ्या. लेखकांना कदाचित त्या माहीतही नसतील, कारण त्या त्यांच्या हातून झालेल्या नाहीत. डीटीपी करताना सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात, दोन उणे चिन्हांची एक लांब रेघ होते, वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे होऊन प्रिंटएफचा पी कॅपिटल होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये मजकूर जुळवला की कोडमधला बॅकस्लॅश कधी गायब होतो, कधी त्याच्या जागी भलतीच वेलांटी येऊन बसते. तीन ठिकाणी इन्क्लुडच्या पुढे काहीच नाही, कोनी कंसासकट हेडर फाइलचे नाव उडाले आहे. सोळा वर्षांचे पोर हे जसेच्या तसे टाइप करते, वीस एरर येतात, आणि ते स्वतःलाच म्हणते की मला हे जमत नाही. मी ही वाक्ये ऐकलेली आहेत. काही मुले ती वाक्ये घेऊन शाखा बदलायला गेली.

डेटाबेसच्या पुस्तिकेबद्दल एकच प्रसंग सांगते. माझा एक माजी विद्यार्थी कोकणातल्या एका पतसंस्थेचे काम करत होता. मागच्या वर्षी त्याचा फोन आला. बाकी सगळे खातेदार नोंदवले जात होते, पण काही जणांचे नाव टाकले की प्रोग्रॅम एरर देऊन थांबायचा. तो म्हणाला, "मॅडम, गंमत म्हणजे सगळे डिसोझा आणि डिसिल्वाच अडकतात." मला लगेच कळले. रोमन लिपीत ही आडनावे लिहिताना 'डी'च्या पुढे एक वरचा स्वल्पविराम येतो. तेच चिन्ह एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेत, मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखवते. आपल्या पुस्तिकेत नाव थेट क्वेरीच्या, म्हणजे त्या आज्ञेच्या, ओळीत अधिक चिन्हाने जोडायला शिकवले आहे. तसे जोडले की डिसोझांच्या नावातल्या चिन्हावर क्वेरी मधेच संपते. बिचाऱ्या डिसोझांनी काही वाईट केले नव्हते. पण ज्या फटीत त्यांचे आडनाव अडकले, त्याच फटीतून कुणी वाईट हेतूने क्वेरीचा तुकडा लिहून पाठवला, तर तोही आत जातो आणि तक्ता वाचतो, बदलतो, पुसतो. उपाय अवघड नाही. क्वेरी आधी तयार करायची, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचे आणि नाव वेगळे द्यायचे. जावात त्याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात आणि शिकवायला अर्धा तास लागतो. पीएचपीवरच्या प्रकरणाची तर गोष्टच वेगळी. त्यातली मायएसक्यूएलची जुनी फंक्शने पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ साली, काढून टाकली. ते प्रकरण आता चुकीचेही म्हणता येत नाही, ते चालतच नाही.

त्या मुलाने माझा सल्ला घेण्याआधी काय उपाय केला होता माहीत आहे? सगळ्या आडनावांतून ते चिन्ह काढून टाकले होते. पासबुकावर लोकांची नावे बदलली होती. "पुस्तिकेत असंच होतं ना," तो म्हणाला. जर्नलच्या त्या पानावर माझी सही आहे.

चुका सगळ्यांच्या होतात. माझ्याही झाल्या. नोकरीच्या पहिल्या सहा-सात वर्षांत मी व्हॉइड मेनच शिकवत होते आणि इंट मेन लिहिणाऱ्या एका मुलाला वर्गात हसलेही होते. तो आता कुठे असतो मला ठाऊक नाही. भेटला तर माफी मागेन. मोठमोठ्यांच्या उदाहरणांतही चुका निघाल्या आहेत. बायनरी सर्चमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीचे दरवेळी दोन भाग करत शोधण्याच्या पद्धतीत, मधला क्रमांक काढायला खालचा आणि वरचा मिळवून दोनाने भागतात. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी तो अल्गोरिदम बरोबर असल्याची सिद्धता पुस्तकात दिली होती. जोशुआ ब्लॉक यांनी तीच पद्धत जावाच्या लायब्ररीत वापरली. शंभर कोटींहून जास्त घटक असले की ती बेरीज इंटमध्ये मावत नाही, हे सुमारे नऊ वर्षांनी उघडकीला आले, आणि २००६ साली ब्लॉक यांनी स्वतःच ते जाहीरपणे लिहिले. बेंटलींचे नाव घेऊन, आपली चूक सांगून. तीच ओळ आपल्या पुस्तिकेतही आहे. ती मी ३४ मध्ये धरलेली नाही, इतकी माझी अपेक्षा नाही.

पण माझी अपेक्षा काय आहे ते आता सांगते, आणि ती सी भाषेइतकीच जुनी आहे. कर्निगन आणि रिची यांनी १९७८ साली सीवरचे पहिले पुस्तक लिहिले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी नोंदवले आहे की पुस्तकातली सर्व उदाहरणे पुस्तकाच्या मजकुरातूनच थेट घेऊन तपासली आहेत. वेगळी प्रत नव्हे, छापायला जाणार तोच मजकूर यंत्राला दिला. ज्यांनी भाषा घडवली त्या रिचींनाही आपल्या हातावर भरवसा ठेवावासा वाटला नाही. आज तर हे काम यंत्र आपणहून करते. पायथनमध्ये डॉकटेस्ट नावाची सोय २००१ पासून आहे. दस्तऐवजात लिहिलेले उदाहरण ती चालवते आणि खाली लिहिलेले उत्तर जुळते का ते बघते. रस्ट आणि गो या भाषांतही अशीच सोय आहे. आपल्या एफईओएफच्या चौकटीत नाव एकदा आले की दोनदा, हे असल्या सोयीने एका सेकंदात पकडले असते.

तरीही चूक राहिलीच तर? संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत. २५६ हा आकडा सोळाच्या पायात नेमका १०० होतो, ही त्यांची गंमत. लोक तो वटवत नसत, चौकटीत लावून ठेवत. मला धनादेश नको आहे. २०१९ च्या पहिल्या पत्राला पोच आली असती तरी मी ती चौकटीत लावली असती. दुसऱ्या पत्राला दूरध्वनीवर उत्तर मिळाले, 'पुढील आवृत्तीच्या वेळी विचार करू.' पुढील आवृत्ती जुलैत येऊन गेली.

मराठी पुस्तकांना हे काही नवे नाही. जुनी पुस्तके उघडून पाहा. शेवटच्या पानाला 'शुद्धिपत्र' चिकटवलेले असायचे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. खिळे जुळवून छापायच्या काळात, जेव्हा एक अक्षर बदलायला पान सोडवावे लागे, तेव्हा लोक ही लाज बाळगत होते.

मला दरवेळी मिळणारी उत्तरे मला पाठ आहेत. पहिले, मुले गोंधळतील. मुले आत्ताच गोंधळलेली आहेत, कारण पडदा एक सांगतो आणि पान दुसरे. दुसरे, सगळ्या महाविद्यालयांत नवीन यंत्रे नाहीत. खरे आहे. पण इंट मेन आणि एफगेट्स टर्बो सीमध्येही चालतात, त्याला एक रुपया लागत नाही. तिसरे, परीक्षक जुने आहेत, त्यांना हेच माहीत आहे. हे मला पटत नाही. परीक्षक तुमच्या कागदाकडे बघतात. तुम्ही कागद बदला, ते एका आठवड्यात बदलतील.

तर मागण्या. सर्वात आधी, या हिवाळी परीक्षेच्या आत, एक साधे परिपत्रक काढा, की पुस्तिकेतल्यापेक्षा वेगळा पण प्रमाणकाला धरून असलेला आणि बरोबर आउटपुट देणारा प्रोग्रॅम पूर्ण गुणांस पात्र राहील. याला समिती लागत नाही, बैठक लागत नाही, एक पान लागते. बाकी काही झाले नाही तरी एवढे करा.

त्यानंतर शुद्धिपत्र. मंडळाच्या संकेतस्थळावर एका पानावर पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध आणि तारीख. पायथनच्या दस्तऐवजात पानाच्या तळाशी चूक कळवायचा दुवा असतो. आपण निदान पुस्तिकेच्या मागच्या पानावर एक ई-मेल पत्ता छापा, आणि तो उघडणारी एक व्यक्ती नेमा. कळवलेल्या चुकीला महिन्याभरात 'मान्य' किंवा 'अमान्य, कारण असे' एवढे उत्तर मिळावे. अमान्य केलीत तर मी भांडणार नाही, कारण वाचेन.

पुढच्या आवृत्तीत प्रत्येक प्रोग्रॅम छापायला जाणाऱ्या फाइलमधूनच काढून चालवलेला असावा, आणि कोणत्या कंपायलरच्या कोणत्या आवृत्तीवर चालवला ते सुरुवातीला लिहावे. डीटीपी झाल्यावर पुन्हा एकदा चालवावा, आधी नव्हे. आणि डेटाबेसच्या पुस्तिकेतले नाव जोडण्याचे प्रकरण आवृत्तीची वाट न पाहता आजच मागे घ्यावे. ते दरवर्षी नव्या पतसंस्थांमध्ये जाते आहे.

त्या मुलीचे चार गुण परत मिळावेत अशी मागणी मी करत नाही. तिनेच नको म्हटले. पुनर्तपासणीचे शुल्क तिच्या घरी जास्त आहे, आणि ती आता दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासाला लागली आहे.

सोबत पेन ड्राइव्ह जोडला आहे. त्यात ३४ चुकांचे शुद्धिपत्र, सर्व ५२ प्रोग्रॅम दुरुस्त करून, आणि ते चालवून पाहणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती सुरू केली की दीड मिनिटात कोणता चालला, कोणता नाही, याची यादी येते. मागच्या वेळी पाठवलेला पेन ड्राइव्ह परत आला नाही. हाही ठेवून घेतला तरी चालेल, फक्त एकदा यंत्राला लावून बघा.

आपली विश्वासू,
अधिव्याख्याता, संगणक विभाग
(नाव व पत्ता आपल्या आवक नोंदवहीत तीन ठिकाणी आहे.)